तलाव नाही, बोडी हाय

आमच्याकडे बोडीला तलाव म्हणणारा माणूस एक तर बाहेरचा असतो, नाहीतर थापाड्या. तलाव म्हणजे मालगुजारांच्या, जुन्या जमीनदारांच्या, काळात बांधलेला, चार गावांना पाणी पाजणारा, ज्याच्या पाळीवरून बैलबंडी जाते तो. बोडी म्हणजे एका घरची, फार तर चार घरची. पहाडीच्या पायथ्याशी माती उकरायची, तिचीच पाळ घालायची आणि वरून उतरलेलं बरसातीचं पाणी अडवायचं. ऑक्टोबरात पाऊस गायब होतो आणि भारी, उशिरा पिकणारा धान नेमका तेव्हाच निसवतो, लोंब्या बाहेर येतात. तेव्हा बोडीचं एक पाणी धानाच्या बांधीत सोडलं की दाणा भरतो. नाही सोडलं तर लोंबी उभीच राहते, आत पोचट.

सडक अर्जुनी तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. मुंबईत बसून खदानींना मंजुरी देणाऱ्या समितीला कळलं नाही. कळवायला आम्ही गेलो होतो. कसं कळवलं ते सांगतो.

बोडी दुधरामकाकाची. दुधराम कापगते, जातीचा कोहळी. आमच्या भागातले तलाव कोहळ्यांनीच बांधले, असं जुने लोक सांगतात, आणि काका ते रोज एकदा तरी सांगतो. त्याच्या आज्याने ही बोडी खोदली. तिच्या खाली काकाचे तीन एकर आणि त्याला लागून माझे दीड. मी भुवनेश्वर, पोवार. दहावी झालो, गावातले अर्ज मीच लिहितो. बोडी काकाची असली तरी तिच्या पाण्यावर माझाही धान पिकतो आणि त्याबद्दल काकाने आजवर एक शब्द काढला नाही.

दोन वर्षांआधी, मे महिन्यात, कोहमाऱ्याकडून एक पांढरी बोलेरो आली. पहाडीवर गिट्टीची खदान काढायची होती. त्यासाठी पर्यावरणाचा अहवाल लागतो आणि तो लिहिणाऱ्या कन्सल्टंटला पैसे कोण देतो? खदानवालाच. कायद्यानेच तसं आहे. चोराने पंचनामा लिहिणाऱ्याला पगार द्यायचा आणि वर म्हणायचं, पंचनामा निष्पक्ष आहे. तर त्या कन्सल्टंटचा माणूस, हिमांशू नावाचा, नागपूरचा, छापील फॉर्म घेऊन उतरला.

काका बोडीच्या पाळीवर मोहाखाली बसला होता. बोडीत मधोमध दोन म्हशी बसतील एवढंच पाणी उरलं होतं. मेमध्ये एवढंच राहतं.

“काका, पाँच सौ मीटर के अंदर कोई नदी?”

“नाही जी.”

“नाला?”

“बरसातीत वाहते थोडासा. तो का नाला होय?”

“तालाब?”

काका हसला. “तलाव! तलाव पाहाचा असंल तं नवेगावले जा, बाबू. अठी कोठचा तलाव?”

“तो फिर ये क्या है?”

“हे माझी बोडी होय.”

“बोडी मतलब?”

“बोडी मतलब बोडी.”

रुख्माकाकू मठ्ठा घेऊन आली. “का इचारून राहिला गा हा? जमीन किती, झाडं किती, ढोरं किती. लगन जमवाले आला का कोनाचं?”

आम्ही सगळे हसलो. हिमांशूलाही कळलं नसताना हसू आलं. फॉर्मवर रकाने होते: नदी, नाला, तलाव, विहीर, बोअर. बोडीला रकाना नव्हता. तलावापुढे त्याने ‘नहीं’ लिहिलं आणि सही मागितली. काकाने डोळ्यांपाशी कागद धरला, सावकाश अख्खं नाव लिहिलं, वरची रेघ ओढली. खरं बोलला होता, सही करायला त्याला कायची भीती? मी बाजूलाच उभा होतो. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण तेव्हा मठ्ठा पीत होतं.

जानेवारीत अहवालाचा मराठी सारांश पंचायतीत आला. सरपंच कुंजीलालने मला बोलावलं, “वाच बे, का लिवला हाय.” अकराव्या पानावर होतं: प्रकल्पस्थळापासून पाचशे मीटरच्या परिघात कोणताही जलस्रोत आढळून आला नाही. आधार: स्थानिक शेतकरी श्री. दुधराम कापगते यांचे स्वाक्षरी असलेले निवेदन.

मी तडक काकाकडे गेलो आणि वाचून दाखवलं.

“मी असं कवा म्हनलो?”

“तुम्ही तलाव नाही म्हनले, काकाजी.”

“तं नाहीच हाय ना तलाव! मंग का खोटं सांगू?”

तलाठ्याकडे गेलो. म्हटलं, सातबाऱ्यावर तरी बोडी सापडेल. सातबाऱ्यावर ती जागा ‘पोटखराब’ लागलेली. पोटखराब म्हणजे सरकारच्या लेखी काहीच न पिकणारा तुकडा. ज्या तुकड्यावर बाकीचं सगळं पिकतं तो खराब. तलाठी म्हणाला, दुरुस्तीचा अर्ज करा, मोजणी होईल, वर्ष-दीड वर्ष धरा. खदानीवरची जनसुनावणी एकवीस दिवसांवर होती.

सुनावणीच्या सकाळी मी काकाला पाळीवरच गाठलं. “काकाजी, आज एक दिवस तलाव म्हना. साहेबाले तलाव समजते. म्हना, माझा तलाव हाय, खदान झाली तं सुकंल. एक शबद बदलवाचा हाय फक्त.”

काका बोडीकडे पाहत बसला. “गावासमोर म्हनू?”

“हो.”

“उद्यापासून पोट्टे मले तलाववाला मालगुजार म्हनतील.”

“म्हनू द्या ना!”

“अना माझी सही? तिच्यावर लिवला हाय नाही म्हनून. आज हाय म्हनलो तं मी झूटा ठरलो का नाही?”

रुख्माकाकू पाळीखालच्या घरातून ओरडली, “झूटा ठरा नं मंग! झूटा मानूस धान तं खाईल!”

 काकाने धुतलेला पांढरा सदरा घातला आणि माझ्या गाडीवर बसला.

जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणात मंडप. समोर खुर्च्या, मागे सतरंजी. खदानवाल्याकडून समोसा आणि पाण्याची बाटली. सुनावणीचे साहेब शांत होते, त्यांना दुपारी दुसरीकडे दुसरी सुनावणी होती. बाजूला हिमांशू लॅपटॉप उघडून, आणि कार्यवृत्त टाइप करायला गोंदियाचा एक टायपिस्ट, ज्याला मराठी ऐकू यायची पण समजायची नाही.

आधी सरपंच बोलला. रोजगार मिळेल, म्हणाला. कुंजीलालचे दोन टिप्पर आहेत. त्याला मिळालाच.

मग काकाचं नाव पुकारलं. काका माइकपाशी गेला. माइक त्याच्या कपाळाच्या उंचीवर होता, कोणी खाली केला नाही. तो तसाच मान वर करून बोलला.

“साहेब, पहाडीचं पानी माझ्या बोडीत उतरते. खदान झाली तं बोडी सुकंल. बोडी सुकली तं आमी मरू.”

हिमांशूने फॉर्म वर धरला. “सर, इन्होंने ही साइन करके दिया है, तालाब नहीं है.”

साहेबांनी फॉर्म पाहिला. त्यांचा आवाज खरंच मऊ होता. “बाबा, ही सही तुमचीच ना? मग नीट सांगा. तिथे तलाव आहे की नाही?”

 मी सतरंजीवरून हात हलवत होतो: आहे म्हणा, आहे म्हणा. रुख्माकाकूने पदर तोंडात धरला होता. काकाने एकदा आमच्याकडे पाहिलं. आज्याने खोदलेल्या बोडीला सगळ्या गावासमोर तलाव म्हणायचं आणि स्वतःच्या सहीला खोटं पाडायचं, एवढंच होतं. खदानवाला रोज दहा वेळा खोटं बोलतो. त्याला वकील लागतात, पण जीभ अडत नाही.

“तलाव नाही जी,” काका म्हणाला. “बोडी हाय.”

मागून कोणीतरी हसलं. साहेब टायपिस्टला म्हणाले, “लिहून घ्या, जसं बोलले तसं.”

शेवटी कार्यवृत्त वाचून दाखवायचं असतं. वाचलं. इंग्रजीत, धडाधडा, तोवर समोस्यांकडे अर्धा मंडप उठला होता. मी उठलो नव्हतो, पण मला तरी कुठे समजत होतं?

मंजुरी ऑगस्टमध्ये निघाली. पत्र पंचायतीच्या कपाटात एकेचाळीस दिवस पडून राहिलं. कुंजीलाल म्हणाला, “इंग्रजीत होता ना बे, मले का मालूम.” अपील तीस दिवसांत करायचं असतं. वकिलाला फोन केला. तो म्हणाला, उशीर माफ होऊ शकतो, पण पुण्याला हरित लवादात यावं लागेल, आणि दाखवणार काय? तुमच्याच माणसाची सही?

तरीही मी ते पत्र घरी आणलं आणि मोबाइलवर एकेक शब्द घालून त्याचं मराठी काढलं. तीन दिवस लागले. तक्ता होता: डावीकडे ग्रामस्थांची चिंता, उजवीकडे कंपनीची उपाययोजना. काकाच्या नावापुढे जे निघालं ते मी चारदा तपासलं.

डावीकडे: खदानीमुळे शरीर सुकेल व मृत्यू होईल, अशी भीती व्यक्त केली.

उजवीकडे: परिसरातील ग्रामस्थांची वार्षिक आरोग्य तपासणी करण्यात येईल.

टायपिस्टने बोडीचं ‘बॉडी’ केलं होतं. साहेबांनी सही केली, समितीने वाचलं, मुंबईत इतके शिकलेले लोक एका टेबलाभोवती बसले, आणि एकालाही वाटलं नाही की गोंदिया जिल्ह्यातला शेतकरी खदानीने आपलं शरीर सुकेल म्हणून कायला रडेल.

मी काकाला वाचून दाखवलं. वाटलं, चिडेल, शिव्या घालेल. तो म्हणाला, “मंग दुरुस्त करून दे ना भुवन. एका मात्रेचा तं फरक हाय.” मी अर्ज लिहिला. एक गोंदियाला, एक मुंबईला. दोन्हींच्या पोचपावत्या आहेत माझ्याकडे. उत्तर नाही.

दिवाळीनंतर ब्लास्टिंग सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात काकाच्या घराची मातीची भिंत खालून वरपर्यंत उलली. आणि फेब्रुवारीत कंपनीने, दिलेल्या शब्दाला जागून, आरोग्य शिबिर घेतलं. त्याच शाळेत, तोच मंडप. नर्सने काकाचं बीपी पाहिलं, यादीतलं त्याचं नाव पाहिलं आणि ओआरएसची चार पाकिटं हातावर ठेवली. शरीर सुकण्याची तक्रार होती ना.

“हे पानी होय म्हनते,” काका पाकिटं दाखवत रुख्माकाकूला म्हणाला.

“बोडीत टाका मंग,” ती म्हणाली.

यंदा पाऊस कमी नव्हता. सांगून ठेवतो, कारण उद्या कोणी म्हणेल दुष्काळ होता. रोपांचे पऱ्हे वेळेवर टाकले, त्यांचा रोवणा वेळेवर झाला. पण पहाडीचा उतार खदानीने मधूनच कापलेला. वरून उतरणारं पाणी खाली यायचं सोडून खदानीच्या खड्ड्यात थांबलं. श्रावणात बोडी भरली ती फक्त तिच्या अंगावर पडलेल्या पावसाने, ढोपरभर. ऑक्टोबर लागला तेव्हा तळाचा चिखल फुटून त्याच्या खपल्या वर आल्या होत्या. आणि वर खड्ड्यात हिरवंगार पाणी, तीन माणसं बुडतील एवढं.

धान निसवायला लागला होता. काका आणि मी खदानीवर गेलो. मॅनेजर भला माणूस, खुर्ची दिली.

“साहेब, आठ दिवस पानी सोडा खाली. बस. फुकट नोको, पंपाचं डिझल आमी देतो.”

“बाबाजी, ये पानी धूल मारने के लिए है. रिपोर्ट में लिखा है. हम नीचे छोड़ेंगे तो शर्त टूटेगी.”

शर्त मीच वाचली होती, खरी आहे. खदानीचं पाणी बाहेर सोडू नये, पर्यावरणाची हानी होते.

आम्ही निघालो तेव्हा फाटकापाशी पांढरी बोलेरो उभी होती. हिमांशू. शर्तींचं पालन कसं चाललंय याचा सहामाही अहवाल लिहायला आला होता. थोडा जाड झाला होता. त्याने काकाला ओळखलं, वाकून नमस्कारही केला. पोरगा वाईट नाही. त्याला रकाने भरायचे असतात.

“अच्छा हुआ काका, आप ही मिल गए. एक लोकल का साइन चाहिए था.” त्याने फॉर्म बोनेटवर ठेवला. तोच फॉर्म. नदी, नाला, तलाव, विहीर, बोअर.

मी म्हटलं, “काकाजी, चला. सही नोको.”

काका हलला नाही. तो खड्ड्याकडे पाहत होता. टँकरने पाइप टाकला होता, पंप चालू होता. मग त्याने खाली पाहिलं. तिथून आपली बांधी दिसते, वरून हिरवीच दिसते. पोचट लोंबी लांबून कळत नाही. भरलेली मान टाकते, पोचट ताठ उभी राहते. सगळा धान ताठ उभा होता.

“तालाब?” हिमांशूने विचारलं.

“लिव, बाबू,” काका म्हणाला. “आता लिव. तलाव हाय. बोडी नाही.”

हिमांशूने लिहिलं. तलाव: एक. पेन काकाकडे दिला. काकाने डोळ्यांपाशी कागद धरला, सावकाश अख्खं नाव लिहिलं आणि वरची रेघ ओढली.