हे मैदान घडवलं कुणी?

मी गोल्फ क्लबचा लोखंडी रोलर बोलतोय. बोलतोय कसला, संतापाने धुमसतोय.

मला इथे आणलं तेव्हा नुसतं माळरान होतं. गुरं चरायची. क्लबच्या संस्थापकांनी जागा घेतली, कुंपण घातलं आणि ते आपल्या उद्योगाला लागले. मैदान घडवलं ते माळीबुवांनी. ते आणि त्यांची बायको, दोघं मिळून मला ओढायची. सात वर्षं खपून त्यांनी अठरा हिरवळी केल्या, तळहातासारख्या सपाट. संस्थापकांनी मला हात म्हणून लावला नाही. एकदा पाय मात्र ठेवला, बुटाची नाडी बांधायला!

नवव्या हिरवळीला उतार आहे. एका सकाळी दवावरून माळीबुवा घसरले आणि मी त्यांच्या पायावरून गेलो. ते हाड मोडल्याचा आवाज अजून माझ्या पोटात आहे. बायकोचा आक्रोश ऐकून सेक्रेटरी धावत आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, "हिरवळ कुठे दबली नाही ना?"

त्यानंतरही माळीबुवा वीस वर्षं लंगडत राबले. मग यंत्र आलं. त्यांना घरी पाठवलं, मला शेडमागे लोटून दिलं.

यंदा क्लबला पन्नास वर्षं झाली. क्लबचा जाडजूड इतिहास छापला. त्यात अध्यक्षांच्या कुत्र्याचा फोटो आहे, माळीबुवांचं नावसुद्धा नाही. मला रंग फासून दारात बसवलं आणि वर पितळी पाटी लावली: 'संस्थापकांनी याच रोलरने स्वतः हे मैदान घडवले.'

समारंभाला ती दोघं आली, इस्त्रीचे कपडे घालून. रखवालदाराने हटकलं, "सभासद आहात का?"

"नाही बाबा," बाई म्हणाल्या, "पण आत दिसतंय ना, ते सगळं आम्हीच केलंय."

गलका ऐकून अध्यक्ष बाहेर आले. संस्थापकांचे नातूच ते. "या आजोबा, रोलरपाशी फोटो काढू. पुढच्या पुस्तकात छापतो."

माळीबुवांनी अक्षर अक्षर लावत पाटी वाचली. "आधी ही काढा. मग फोटो."

"अहो, आता पाहुणे आलेत..."

"मग राहू द्या." बायकोचा खांदा धरून ते माघारी वळले.

पाटी अजून तशीच आहे. चारच स्क्रू आहेत हो तिला! मला हात असते तर तिथल्या तिथे उपटली असती. तुम्हाला आहेत ना?