निरोप मेन थ्रेडकडे

त्याने बटण दाबलं आणि ॲप पुन्हा गोठलं. पडद्यावरचं चक्र अर्ध्यावरच थांबलं.

"अडकलं," तो फोनवर म्हणाला.

"सकाळपासून एकविसावी वेळ," पलीकडून ॲप तपासणाऱ्या टेस्टर बाई म्हणाल्या. "त्यालाही आता तुमचा कंटाळा आला असेल."

नियम साधा होता. मागे कितीही थ्रेड, म्हणजे ॲपमधले एकाच वेळी चालणारे धागे, कामं करोत, पडद्याला हात फक्त मुख्य धाग्याने, मेन थ्रेडने लावायचा. बाकीच्यांनी त्याच्याकडे निरोप द्यायचा. एक थ्रेड परस्पर पडद्यावर लिहायचा, म्हणून ॲप बंद पडायचं. काल त्याने तेवढं दुरुस्त केलं. आता ॲप बंद पडत नव्हतं, नुसतं थिजून राहत होतं.

आतल्या खोलीत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. मुलगी आज नोकरीच्या गावी निघणार होती. किती वाजता, ते त्याला माहीत नव्हतं. असल्या गोष्टी त्याला बायकोकडून कळायच्या. बाबांना सांग, उशीर होईल. तिला विचार, जेवली का. स्वयंपाकघरातून बायको दोन्हीकडचे निरोप पोचवायची, वर पदरचं काहीतरी घालून. तिला जाऊन पाच महिने झाले होते.

"सापडलं," टेस्टर बाई म्हणाल्या. "तुमचा थ्रेड मेनला निरोप देऊन उत्तराची वाट बघतोय. आणि मेन थ्रेड त्याचं काम संपायची वाट बघत बसलाय. दोघंही शहाण्यासारखे गप्प."

"मग?"

"एकाने वाट बघणं सोडायचं. एक ओळ बदला."

त्याने ओळ बदलली. चक्र फिरलं, यादी उघडली.

"चाललं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो मुलीच्या दारापर्यंत गेला. 'सोडायला येऊ का', एवढंच विचारायचं होतं. दारावर टकटक करायला उचललेला हात त्याने खाली घेतला. स्वयंपाकघरात जाऊन तो तिची पाण्याची बाटली भरू लागला.

बाहेर बॅगेची चाकं वाजली. मुलगी दाराशी वाकून बुटाची नाडी बांधत होती. स्वयंपाकघरातला नळ ऐकून तिने मान वर न करताच हाक दिली,

"आई, बाबांना सांग, मी निघाले."

नाडी तिच्या बोटांत तशीच राहिली.

त्याने नळ बंद केला. बाटलीचं झाकण लावलं. घट्ट बसलं होतं, तरी पुन्हा एकदा फिरवलं.

"सांगतो," तो आतूनच म्हणाला.