कात्री तिची, खडू माझा

आमच्या शिवणाच्या दुकानातली कापड कापायची कात्री तीस वर्षं एकाच हातात होती, माझ्या. सुनेचं शिवण माझ्याहून सरस, तरी दिली नाही. शिवण चुकलं तर उसवता येतं. कापड एकदा कापलं की कापलं.

मग छातीत दुखायला लागलं. घशात बटण अडकल्यासारखं, गिळलं तरी जाईना, खाकरलं तरी येईना. मला वाटलं, आलं बोलावणं. सगळ्यांदेखत कात्री सुनेच्या हातात दिली, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. सून रडली. मला बरं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं, घशात नळी घालून पाहिलं. म्हणाल्या, "हृदय ठणठणीत आहे. दुखणं आतड्यांचं आहे."

"आतडी खाली, दुखतं वर. पत्ता चुकला का?"

"आतडी हुळहुळी असली की कधी अन्ननळीही तशीच होते. दुखणं खरं आहे, जीवघेणं नाही. येत-जात राहील. वेळेवर जेवा, चावून खा. काही वेगळं वाटलं तर लगेच या."

एवढ्या थाटात निरोप घेतला आणि निघालं पोट. लाजेनं मेले असते, पण तीही सोय बाईंनी ठेवली नव्हती.

दुकानात येताच हात पुढे केला. "आण ती कात्री."

"घ्या आई. पण आधी जेवा."

"मला शिकवू नकोस."

कोटाचं कापड होतं. पाठ अर्धी कापली नि छातीत कळ आली. कात्री मधेच थांबली. सुनेनं माझ्या हातावर हात ठेवला. "सोडा." मी सोडली. उरलेलं तिनं कापलं, माझ्या खडूच्या रेघेवरून, केसभरही न हलता.

मी स्टुलावर बसून डबा खाल्ला. रेघ मधेच थांबवता येते, कळ ओसरली की पुढे ओढता येते. कात्रीला ते सुख नाही.

"कात्री ठेव तुझ्याकडे," मी म्हटलं. "खडू माझा. रेघ सोडलीस तर बघ."

"बरं. नीट चावताय ना?"

"दात अकरा उरलेत. त्यांना विचार."

बटण अजून येतं घशात. आलं की मी खडू खाली ठेवते, कोमट पाणी पिते. सून कात्री घेऊन ताटकळते. मी काही घाई करत नाही.