भाजल्या हातावरची बकुळी

हेमंताचं हळदुलं ऊन मिरजेच्या गल्लीत उतरलं होतं. तंबोऱ्यांच्या ओल्या पॉलिशवर ते क्षणभर थबकत होतं, जुळणाऱ्या तारांवर थरथरत होतं. सुरांत न्हालेलं, सुरांत विरणारं ऊन.

त्याच गल्लीत दस्तगीरभाईंचं टॅटूचं दुकान, आणि तिथे शिकणारी शाल्मली. सरावाला भोपळ्याच्या सालीवर वेली, संत्र्याच्या सालीवर पाखरं. शाईने निळावलेली बोटं, निळावलेली स्वप्नं. पण जिवंत कातडीपुढे सुई आली, की हात गोठायचा.

"चुकलं तर? पुसता येत नाही हो, भाई!"

तेव्हा भाईंनी अस्तनी सारून स्वतःचाच हात पुढे केला होता. "इथं चूक. मी सांभाळतो." त्या श्यामल, शिराळ हातावर तिची पहिली रेघ वाकडी उतरली. भाई हसले. "झाली की सुरुवात!"

आणि आज कुमुदिनीताई आल्या. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेला हात वर्षानुवर्षं लांब बाहीत लपवत आलेल्या. डॉक्टरांना विचारूनच आल्या होत्या.

"यावर बकुळी फुलेल का गं?" बाही वर करताना त्यांनी नजर भिंतीकडे वळवली.

शाल्मली भाईंकडे वळली. "तुम्ही बसा ना."

भाईंनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तुझं काम आहे, पोरी. सावकाश कर."

सुई गुणगुणू लागली. ती होरपळलेली कातडी कुठे खडकाहून कठीण, कुठे पाकळीहून पातळ. खडकापाशी हात धीर धरत होता, पाकळीपाशी श्वास रोखत होता. मध्येच हात थांबला.

"दुखतंय?"

"दुखू दे थोडं. तू थांबू नकोस."

ती थांबली नाही. मग एकेक पान उमललं, एकेक तारका-फूल उमललं. विस्तवाने विद्ध केलेल्या त्या भूमीवर बकुळीची डहाळी हळूहळू ओणवली.

कुमुदिनीताई कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "हा माझाच हात?" एवढंच बोलल्या, आणि शाल्मलीची निळी बोटं त्यांनी आपल्या ओल्या डोळ्यांना लावली.

शाल्मली भाईंच्या पायांशी वाकली. भाईंनी तिला वरच्यावर सावरलं. "उद्यापासून ती खुर्ची तुझी."

बाहेर कुमुदिनीताई रिक्षासाठी थांबल्या होत्या. पारदर्शक पट्टीखाली बकुळी, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. लांबून रिक्षा आली. आणि त्या लखलखत्या रस्त्यावर, साऱ्यांच्या देखत, तो उघडा हात उंच, उंच झाला.