पितृपक्षात न काढलेली मोटर

मी एक जुनी अमेरिकन मोटर आहे. माझ्या मालकीण प्रमोदिनीबाई गेल्याचे कळले त्या सकाळी मी बालाघाटला आमच्या घरामागे टिनाच्या शेडमध्ये उभी होते. त्यांचा भाऊ वसंता गोंदियाहून पहिल्या बसने आला. अंगात कालचाच सदरा होता.

"भाऊजी, ताई गेली," तो म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर गेली. "मोटर काहून नाही काढली तुम्ही?"

माझे मालक मुकुंदराव म्हणाले, "बंद होती."

मित्रांनो, मी बंद नव्हते.

मी १९२९ साली तयार झाले. आठ सिलिंडर, कापडी छत, आत सात माणसांची जागा. बोटीने मुंबईला आले आणि तिथून लालबर्र्याकडच्या एका मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे. त्यांनी मला शिकारीला नेले, वरातीत मिरवले. मालगुजारी गेली तेव्हा मी धानाच्या कोठारात पडले. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. १९५६ साली मुकुंदरावांनी मला घेतले. ते सरकारी कचेरीत कारकून होते. त्यांनी मला बैलजोडी लावून घरी आणले.

"मोटर आणतो म्हणालात आणि आली बैलांनी!" प्रमोदिनीबाई दारातून हसल्या.

अकरा वर्षे चैतराम मिस्त्री दर रविवारी माझ्याखाली झोपून काम करत असे. मुकुंदराव नागपूरच्या कबाडी बाजारातून पुर्जे शोधून आणत. छताचे जाड कापड प्रमोदिनीबाईंनी शिवले. त्यांच्या मशिनच्या सुया पटापट तुटत.

"डझनभर सुया खाल्ल्या हिने," त्या म्हणत. "आधी मी बसणार, मग तुमचे साहेब."

१९६७ च्या पोळ्याला मी सुरू झाले. मग मला गडद निळा रंग दिला. तेवढ्यात पितृपक्ष लागला. या दिवसांत नवी वस्तू बाहेर काढत नाहीत. मुकुंदरावांनी ठरवले, दसऱ्याला पूजा करायची, हार घालायचा आणि मगच मला रस्त्यावर न्यायचे.

त्याच पंधरवड्यात प्रमोदिनीबाईंच्या पोटात दुखू लागले. डॉक्टरांनी सांगितले, आजच्या आज गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात न्या. त्या पोट धरून शेडच्या दाराशी आल्या. बाहेर चिखल होता.

"पितर चालू आहेत गं," मुकुंदराव हळू आवाजात म्हणाले. "दसऱ्याआधी कशी काढू? वसंता गावातच आहे, त्याला बोलावतो, त्याच्याबरोबर बसने जा. मी उद्या रजा टाकून येतो."

त्या पिशवी भरायला आत गेल्या. बस दोन तास उशिरा आली. गोंदियाला पोचेपर्यंत फार उशीर झाला होता.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. माझ्या अंगावर नवा रंग होता. चिखलात जायचे नाही हे कळल्यावर मला बरे वाटले होते.

तेराव्याला खैरलांजीहून प्रमोदिनीबाईंची आई गोदाबाई आल्या. त्यांनाही मुकुंदरावांनी मोटर बंद होती असेच सांगितले. म्हाताऱ्या बाईंनी माझ्या मडगार्डवर हात ठेवला. "यंत्रच ते. त्याले काय दोष द्याचा?" मला तो हात सहन झाला नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुकुंदरावांनी मला विकायला काढले. रायपूरचे दुलीचंदजी पाहायला आले. वसंताही घरी होता. चैतरामने माझे बॉनेट उघडले.

"कभी बंद तो नहीं हुई?" दुलीचंदजींनी विचारले.

"एक दिवस बी नाही, सेठजी!" चैतराम फुशारकीने म्हणाला. "गेल्या सालच्या पोळ्यापासून पहिल्या झटक्यात सुरू होते. बाबूजी रोज सकाळी सुरू करून पाहतेत."

वसंता पुढे आला. "रोज? पितरातही?"

"हौ, पितरातही."

"मग ताईले नेलं त्या दिवशी बंद कशी होती, भाऊजी?"

चैतरामने बॉनेट लावून टाकले. मुकुंदरावांची मान खाली गेली. "चालू होती. पूजा व्हायची होती, म्हणून नाही काढली."

"आईले हे तुम्ही सांगा," वसंता म्हणाला. "मी नाही सांगणार."

मित्रांनो, घरात गाडी असो की सायकल, माणसाला गरज पडेल त्या घडीला ती बाहेर काढा. रंग पुन्हा देता येतो.

येत्या सोमवारी दुलीचंदजी मला रायपूरला नेतील. मुकुंदरावांनी खरे कबूल केले त्याला आता दोन आठवडे झाले. गोदाबाईंना अजून कुणी सांगितलेले नाही.