मिशीचं कलम

छावणीच्या ऑफिसात कारकुनी करणाऱ्या हवालदाराला सगळे कलमदादा म्हणत. नियमांचं अख्खं पुस्तक गड्याला तोंडपाठ, आणि त्यातल्या पळवाटा तर त्याहून पाठ. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करायचा नाही, हा नियम. मग काय, याने टोपी काखेत मारून हिंडायची टूम काढली आणि आठवडाभरात निम्मी पलटण बोडकी दिसू लागली. गणवेशात छत्री धरायची नाही, हाही नियम. "धरायची नाही म्हटलंय, छत्रीखालून चालायचं नाही असं कुठाय?" म्हणून याने छावणीच्या न्हाव्याला छत्री धरायला लावली. न्हाव्याला कुठला आलाय गणवेश!

नव्या मेजरसाहेबांनी त्याला आल्या आल्या हेरलं. त्याचा रजेचा अर्ज हातात घेऊन ते अर्जाऐवजी त्याच्या मिशीकडेच बघत बसले.

"मिशी ओठांच्या कोपऱ्यांबाहेर जाता कामा नये. हे कलम पाठ आहे ना?"

"आहे, साहेब."

"छान. उद्या सकाळी पट्टीने मोजतो. बाहेर गेली तर रजा रद्द."

गेल्या खेपेला कलमदादा हौसेने मिशी सफाचट करून घरी गेला होता. पोरगी तेव्हा दीड वर्षाची. फोनवर रोज बघितलेला बाबा म्हणजे तिच्या लेखी दोन पिळदार टोकं. हा गुळगुळीत बाप्या दारात दिसल्यावर तिने जे भोकाड पसरलं, ते रजा संपेपर्यंत काही मिटलं नाही. हातचा घास घेईना की कुशीत येईना. बायकोला तो "चालायचंच" म्हणाला खरा, पण परतीच्या गाडीत खिडकीकडे तोंड करून रडला होता. आता अकरा महिन्यांनी रजा मिळत होती, आणि टोकं छाटून तो जाणार नव्हता. मुळीच नाही.

"अरे, पोरीचं सांगून टाक की साहेबांना," न्हावी म्हणाला.

"गयावया करणं आपल्याला जमायचं नाही. पुस्तकात असेल ते हक्काने घेईन."

न्हाव्याच्या आरशासमोर बसून तो पट्टी लावत होता. दोन्हीकडे बोटभर मिशी बाहेर. "तोंडच लहान घेऊन आलास लेका, त्याला मिशी काय करणार!" न्हावी म्हणाला, आणि एवढ्या काळजीतही कलमदादाला खो खो हसू फुटलं. न्हावी हातातला कंगवा तसाच धरून बघत राहिला.

"थांब, थांब! पुन्हा हस बघू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कलमदादा साहेबांसमोर ताठ उभा राहिला आणि त्याने बत्तिशी दाखवली. कोपरे पार गालांत गेले. साहेबांनी डावीकडे मोजलं, उजवीकडे मोजलं. मिशी आत.

"तोंड मिटा!"

"मोजताना तोंड मिटलेलं असावं, असं कलमात नाही, साहेब." दात तसेच उघडे.

"रांगेत हसणं हा गुन्हा आहे, हवालदार."

"एकट्या माणसाची रांग होत नाही, साहेब."

साहेबांनी पुस्तक मागवलं. पान उघडलं, मागचं चाळलं, पुढचं चाळलं. कलमदादाचे गाल दुखून थरथरायला लागले होते, पण पठ्ठ्या हटला नाही. त्याला खात्रीच होती. ते पान त्याने शंभरदा वाचलं होतं.

"एवढं काय आहे हो त्या मिशीत?" शेवटी साहेबांनी विचारलं.

"मुलगी ओळखत नाही, साहेब. मिशी नसली की."

"हे कालच का नाही सांगितलंत?"

"मुलीसाठी सवलत असं कलम नाही, साहेब."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी अर्जावर सही ठोकली. "मिशी नियमात आहे," ते म्हणाले. "निघा."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने घराची कडी वाजवली. दार बायकोने उघडलं. तिच्या मागून पोरगी वाकून बघायला लागली. कलमदादा जागचा हलला नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता. पोरीने डोळे बारीक केले, आणि मग आनंदाने किंचाळत ती त्याच्या पायांवर येऊन आदळली.

"आई, मिशी आली! मिशी आली!"

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. कलमदादाने पोरीला उचललं. तिने दोन्ही मुठींत दोन्ही टोकं गच्च धरली, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बाबा म्हणायला शिकवायला अजून दहा दिवस होते.