बदलीचा दात

लावण्यानं शेवटचा दुधाचा दात रीतीप्रमाणे उंदराच्या बिळात टाकला, आणि बिळातून जो बदलीचा दात आला तो सोळा कोटी वर्षांचा होता. ‘माझा घे, तुझा दे’ असं तिनंच म्हटलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. तांदळाच्या कणीएवढा दात, वर तीन टोकं. हिरडीत खट्कन बसला.

लावण्या पूर्वी वर्गात तोंड उघडत नसे. हल्ली मिटत नसे. तिनं दात थेट कोंडागुर्ले सरांनाच दाखवला.

सरांनी भिंग लावलं. “आज तुझ्या तोंडाचा उपयोग झाला बाई! डायनासोरांच्या पायांत फिरायचं हे चिचुंद्रीएवढं जनावर. पिल्लांना दूध पाजायचं.”

“आणि दिसायचं कसं, सर?”

“दात सापडलाय फक्त. बाकीचं कुणालाच माहीत नाही.”

दुसऱ्या दिवशी हजेरीत तिच्या नावाच्या जागी सर म्हणाले, “दात?”

“हजर, सर!” ती ठणकावून म्हणाली. कुणी हसलं नाही.

मधल्या सुट्टीत तिची वेणी कुणाला आठवेना, म्हणून वेणी गेली. मग कोपरं गेली. शाळा सुटली तेव्हा दप्तर तिच्यापेक्षा उंच होतं. ते तिनं तिथंच सोडलं. आई ओळखेल, बस्स. घरामागच्या खोदकामावर आई चाळणीत माती धुऊन दगड झालेली बारीकसारीक हाडं वेचायची. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

घरात लावण्याच्या ताटात एक मुलगी भात खात होती. तीच वेणी, तोच युनिफॉर्म, तोंडात एकच दुधाचा दात. नाक सारखं थरथरत होतं.

“माझा दात दे,” लावण्या म्हणाली.

“अगं, वापरला मी. एका दातातून एवढं सगळं निघालं, बघ ना! तुझं काय झालं?”

“माझं कुणाला माहीतच नाही.”

“हो गं. इतकी वर्षं माझंही तसंच होतं,” मुलगी म्हणाली, आणि तिनं लोणचं वाढून घेतलं.

उरलेल्या पायांनी लावण्या खोदकामाकडे धावली. चाळणीपर्यंत पोचली तेव्हा पाय नव्हते, फक्त दात होता. ती ओल्या मातीत पडून राहिली. आईनं ओला कुंचला टेकवला, तिला अलगद उचललं, उन्हात धरलं.

“आई, मी!”

आईचा हात थांबला. तिनं डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं. मग घराकडे तोंड करून हाक मारली, “लावण्या, ये गं लवकर! बघ काय सापडलंय!”

“आले, आई!” घरातून तिचाच आवाज आला. आईनं काड्यापेटी उघडली आणि आतला कापूस, अंथरूण घालावं तसा, बोटानं थोडा सैल केला.